छोटी चित्रं पानातच कोंबावीत का? आणि किती छोटी म्हणजे 'छोटी'?

पानगळ (धागालेखक)

मंडळी, एक वाद मिटवायला मदत हवी आहे. वाद आमच्या टीमपुरताच आहे, पण आता आपण नक्की कुठल्या बाजूचे, हेच मला कळेनासं झालंय.

आमच्या साइटवर चिल्लर चित्रं फार आहेत. मेनूचे तीन आडवे दांडे, शोधाचं भिंग, वर-खालचे बाण, चांदण्या, बरोबरच्या खुणा, शिवाय यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक बिल्ला. ब्राउझरचं नेटवर्क पॅनेल उघडलं की या फायलींची रांग संपता संपायची नाही. टीममधल्या एकाने सुचवलं, "इनलाइन करून टाक सगळं, म्हणजे वेगळ्या फायली न ठेवता चित्रं पानातच भर, सर्व्हरचे हेलपाटे वाचतील." मला पटलं. साइटच्या फायली बांधून देणाऱ्या बिल्ड टूलमधली मर्यादा उचलून ३० केबीवर नेली, आणि झाडून सगळी चित्रं बेस६४ होऊन (म्हणजे साध्या अक्षरांत लिहिली जाऊन) सीएसएसमध्ये, पानाची सजावट सांगणाऱ्या फायलीत, जाऊन बसली. रांग गायब. मी खूश.

दोन दिवसांनी दुसऱ्याने जुन्या फोनवर पान उघडून माझ्यासमोर धरलं. पूर्वी मजकूर लगेच यायचा आणि बाण-बिण मागून उगवायचे. आता आधी पांढरं पान, मग आणखी थोडा वेळ पांढरंच पान, आणि मग सगळं एकदम.

रिक्वेस्ट कमी करून पान हळू झालं, हे माझ्या डोक्यात बसत नाही. चित्र किती केबीपर्यंत इनलाइन करावं याचा कुणी ठोस आकडा सांगेल का? बिल्ड टूलांपैकी वेबपॅक न विचारता ८ केबी धरतं. वीट ४ धरतं (उच्चार वीटच आहे, आणि कॉन्फिगरेशन बदलून बदलून तो मला आलेलाही आहे). सर्व्हरवर बसवायचं जुनं पेजस्पीड मॉड्यूल ३०७२ बाइट धरायचं. तिघांचे तीन आकडे, मग खरा कुठला?

दीडशहाणा

एचटीटीपी/२, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याची नवी आवृत्ती, येऊन जमाना झाला. २०१५ सालची गोष्ट. एकाच जोडणीवरून हव्या तितक्या फायली एकदम मागवता येतात. इनलाइन करणं त्याच वर्षी मेलं. धागा बंद करा.

जुनाजाणता

दीडशहाणा, अहो जरा दम धरा. मेलेल्या गोष्टी टूलमध्ये आपोआप चालू नसतात.

धागालेखकांसाठी थोडा इतिहास, कारण तो ठाऊक नसला की आकडे हवेतून पडल्यासारखे वाटतात. चित्राचा मजकूरच पत्त्याच्या जागी लिहायची सोय, म्हणजे डेटा यूआरआय, १९९८ पासून आहे. पण इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आणि ७ ला ती कळायचीच नाही. ८ ला कळायची, तीही ३२ केबीपर्यंतच. त्या काळात आम्ही स्प्राइट करायचो. सगळे आयकॉन एका लांबलचक पीएनजीवर मांडायचे आणि सीएसएसमधून 'डावीकडे उणे ४८, वर उणे ९६' असं करून हवा तो तुकडा खिडकीत आणायचा. कुणी उत्साहाने मधेच नवा आयकॉन घुसवला की पुढचे सगळे सरकायचे, आणि भिंगाच्या जागी अर्धा बाण आणि अर्धी चांदणी दिसायची. ते दिवस परत नकोत.

हा खटाटोप कशासाठी? तर एचटीटीपी/१.१ मध्ये ब्राउझर एका होस्टशी साधारण सहाच जोडण्या उघडतो, आणि एका जोडणीवर एका वेळी एकच मागणी. ३० आयकॉन असले तर सहा-सहाच्या पाच तुकड्या. जाण्यायेण्याला समजा २०० मिलिसेकंद लागले, तर पाच हेलपाट्यांत एक सेकंद गेला, तोही शे-दोनशे बाइटच्या फायलींसाठी. एका ठिपक्याची पारदर्शक जीआयएफ जेमतेम ४३ बाइटची असते. ती आणायला जाणारे हेडर, त्यातल्या कुकीसकट, तिच्या कित्येक पट मोठे. बेस६४ केली की ६० अक्षरं होतात, पुढची पाटी धरून ८२. असल्या फाइलला वेगळं पाठवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणजे ते ३-४-८ केबीचे आकडे निसर्गनियम नव्हेत. हेलपाट्याचा खर्च एकीकडे आणि फुगवट्याचा दुसरीकडे असा कुणीतरी अंदाजाने मांडलेला तराजू आहे तो.

सर्व्हरवाला

इतिहास झकास. पण धागालेखकांचं पान पांढरं का राहिलं हे अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

पानगळ, तुम्ही चित्रं सीएसएसमध्ये भरलीत. हेडमधली सीएसएस पूर्ण आल्याखेरीज ब्राउझर पानावर काहीही रंगवत नाही. चित्राचं तसं नसतं. ते मागून आलं तरी मजकूर त्याच्यासाठी खोळंबत नाही. म्हणजे जो माल मागच्या दाराने निवांत येत होता तो तुम्ही उचलून पुढच्या दारात ठेवलात, आणि आता तो आत आल्याशिवाय दार लागतही नाही, उघडतही नाही. रिक्वेस्टची संख्या घटली, पण पहिला मजकूर दिसायच्या आधी उतरायलाच हवा असा माल वाढला. वापरणाऱ्याला रिक्वेस्ट मोजायच्या नसतात हो, त्याला अक्षरं दिसायला हवी असतात.

आता हिशोब. बेस६४ दर तीन बाइटची चार अक्षरं करतं. ६०० बाइटचा आयकॉन ८०० अक्षरांचा होतो, वर चित्राचा प्रकार सांगणारी २२ अक्षरांची पाटी. दुसरीकडे टीसीपी, म्हणजे माल पाकिटांत घालून पाठवायची पद्धत. जोडणी नवी असताना सर्व्हर पोच यायच्या आधी साधारण दहाच पाकिटं सोडतो. प्रत्येकी १४६० बाइट, म्हणजे १४,६०० च्या आसपास. त्याहून जास्त माल असला की पुढच्या हेलपाट्याची वाट बघणं आलं. पानाचा गाभा आणि वरच्या भागापुरती सीएसएस त्या पहिल्या दहांत बसली तर उत्तम. आता ८०० बाइटचे १२ आयकॉन एचटीएमएलमध्येच भरून बघा. ९६०० चे १२,८०० झाले. पहिली खेप चित्रांनीच भरली आणि मजकूर दुसऱ्या गाडीला.

(चालू जोडणीवर हे दहाचं बंधन सैल होत जातं, त्यामुळे हा आकडा घोकून बसू नका. दिशा कळण्यापुरता सांगितला.)

अर्धविराम

छोटीशी दुरुस्ती. १२,८०० हा आकडा जीझिपच्या, म्हणजे पाठवण्याआधी सर्व्हर मजकूर आवळतो त्याच्या, आधीचा. बेस६४ मध्ये वर्ण ६४ च असतात, म्हणजे आठ बिटांच्या डब्यात सहाच बिटांचा माल. जीझिप ती पोकळी बरीचशी पिळून काढतो. तारेवरून जाताना आकार पुन्हा मूळ पीएनजीच्या आसपास येतो, जरासा वरच राहतो. तेव्हा "३३ टक्के फुगतं" हे वाक्य लेखांमधून जितक्या भक्तिभावाने म्हटलं जातं तितकं ते खरं नाही. सर्व्हरवर जीझिप किंवा त्याचा नवा भाऊ ब्रॉटली चालू आहे ना, तेवढं मात्र आधी बघा. बंद असलं तर ३३ टक्के पुरेपूर मोजावे लागतात.

सर्व्हरवाला

मान्य. पिळल्यावर दहा हजारांच्या आसपास धरा. तरी पहिल्या खेपेतली दोन तृतीयांश जागा गेलीच. आणि ३३ टक्के पिळून निघाले तरी मूळचे १०० टक्के कुठे जात नाहीत. पीएनजी आधीच आवळलेली असते, तिच्यात जीझिपला करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

खटपट्या

आमच्याकडे याच नादात वेगळीच माशी शिंकली होती. इनलाइन केलं, माझ्या मशीनवर एकदम चकाचक. लाइव्ह टाकलं आणि सगळ्या आयकॉनच्या जागी रिकामी भोकं. दोन तास कॅश साफ करतोय, बिल्ड पुन्हा पुन्हा करतोय. शेवटी कन्सोलमधली लाल ओळ वाचायची बुद्धी झाली. लाइव्ह सर्व्हरवर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (काय कुठून घ्यावं हे ब्राउझरला बजावणारी नियमावली) लावलेली होती, आणि चित्रं कुठून घ्यावीत या कलमात 'डेटा:' लिहिलेलं नव्हतं. लोकलवर पॉलिसीच नव्हती, म्हणून तिथे सगळं गोड. तेव्हापासून कन्सोल आधी, कॅश नंतर.

दुसरा फटका ईमेलचा. साइटवर चाललं म्हणून तेच टेम्प्लेट मेलमध्ये वापरलं. जीमेल डेटा यूआरआयची चित्रं दाखवत नाही. मेलसाठी चित्र एकतर सर्व्हरवर ठेवा नाहीतर जोडपत्र करून आतून संदर्भ द्या. इथे केबीचा प्रश्नच येत नाही.

रेषा

सगळे पीएनजीच धरून चाललाय का? मेनूचे दांडे, भिंग, बाण, हे सगळं एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांचं वर्णन असलेलं चित्र, असायला हवं. डिझायनर म्हणून सांगते, २०० बाइटच्या बाणाची पीएनजी करणाऱ्याशी मी बोलत नाही. (ह. घ्या.)

एसव्हीजी आली की गणित बदलतं, कारण ती मुळात मजकूरच असते. तरीही निम्मी टूलं तिला बेस६४ करून टाकतात. करू नका! एसव्हीजी साध्या मजकुरात राहिली तर जीझिपला 'पाथ', 'फिल', 'व्ह्यूबॉक्स' हे पुन्हा पुन्हा येणारे शब्द सापडतात आणि तो त्यांचा चुरा करतो. बेस६४ केलं की तोच शब्द तीन बाइटच्या कुठल्या टप्प्यावर पडला त्याप्रमाणे दर वेळी वेगळा दिसतो आणि जीझिप आंधळा होतो. वर डोळ्यांनाही काही वाचता येत नाही ते वेगळंच. सीएसएसमध्ये ठेवायची असेल तर साधी ठेवा, फक्त काही चिन्हं टक्क्याच्या भाषेत बदला. हॅश चिन्ह (#) तर न विसरता बदला, टक्का-दोन-तीन असं. पत्त्यामध्ये हॅशच्या पुढचा भाग वेगळा काढला जातो, त्यामुळे रंगाच्या कोडमधल्या पहिल्या हॅशपाशीच तुमची एसव्हीजी तुटते. लिहिणारा मात्र पाथमध्ये चूक शोधत बसतो. मी बसले आहे, अर्धा दिवस.

आणि डिझाइन प्रोग्रॅममधून निघालेली एसव्हीजी तशीच वापरू नका. एकदा उघडून वाचा तरी. माझ्या एका बाणात संपादकाची स्वतःची माहिती, लपवलेले थर, दशांश चिन्हापुढे आठ-आठ आकडे असा पसारा होता. प्रत्यक्ष बाण म्हणजे एक ओळ. एसव्हीजीओ नावाच्या सफाईच्या टूलने झाडून घेतली की 'इनलाइन करावं का' हा प्रश्न कधी कधी उरतच नाही, इतकी ती बारीक होते.

पानगळ

रेषाताई, 'एसव्हीजी इनलाइन' म्हणजे सीएसएसमध्ये डेटा यूआरआय, की थेट एचटीएमएलमध्ये टॅग? लोक दोन्हीला इनलाइनच म्हणतात आणि माझा गोंधळ होतो.

रेषा

गोंधळ रास्त आहे, दोन्ही अगदी वेगळी कामं आहेत.

थेट एचटीएमएलमध्ये टॅग लिहिला की चित्र पानाचं अंग होतं. 'फिल'मध्ये करंटकलर लिहा, आजूबाजूच्या अक्षरांचा रंग ते आपोआप उचलतं. बटणावर बोट नेलं, अक्षरं निळी झाली, आयकॉनही निळा. काळी थीम आली, आयकॉन पांढरा. एकाच फायलीत काम होतं. डेटा यूआरआयमध्ये हे जमत नाही, तिथे चित्र बंद पेटीत असतं, बाहेरचा रंग आत शिरत नाही. (मास्क लावून रंग भरता येतो, एकरंगी आयकॉनला पुरतं.)

टॅगच्या आपल्या खोड्या आहेत. दोन एसव्हीजींमध्ये ग्रेडियंटचा आयडी एकच निघाला, तर दुसरं चित्र पहिल्याचे रंग घालून फिरतं. डिझाइन प्रोग्रॅम 'ए', 'बी' असले आयडी सर्रास देतात, त्यामुळे हे होतंच. शोभेच्या आयकॉनवर पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने तो वगळावा म्हणून आरिया-हिडन (aria-hidden) लावायला विसरू नका. बटणात नुसता आयकॉनच असेल तर बटणाला नाव द्या.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचा. वापरकर्त्यांनी चढवलेली एसव्हीजी कधीही थेट पानात टाकू नका. तिच्यात स्क्रिप्ट असू शकते आणि ती तुमच्या पानाच्या हक्काने चालेल. तीच फाइल इमेज टॅगमधून दाखवली तर आतली स्क्रिप्ट चालत नाही.

अर्धविराम

पानगळ, तुमच्या त्या बिल्ल्याबद्दल. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे आहे म्हणालात ना? थेट टॅग टाकलात तर ५० ओळींत तेच चित्र ५० वेळा लिहिलं जाणार. लोक म्हणतात, जीझिप आहे की, एकदाच मोजेल. मोजेल, पण जीझिपची मागे बघायची नजर ३२ केबीपर्यंतच. दोन ओळींमध्ये मजकूर थोडा असला तर मागचा बिल्ला त्याला दिसतो. मजकूर भरपूर असला तर तो विसरतो आणि नव्याने लिहितो. ब्रॉटलीची नजर कितीतरी लांब जाते. पण तारेवर आवळलेलं असलं तरी ब्राउझरला उलगडून ५० टॅग उभे करावेच लागतात. त्यापेक्षा चित्र एकदा एसव्हीजीच्या 'सिंबल' टॅगमध्ये लिहा आणि ५० ठिकाणी 'यूज'ने बोलवा. सीएसएसमध्ये तोच डेटा यूआरआय तीन नियमांत लागत असेल तर एकदाच व्हेरिएबलमध्ये ठेवा.

दीडशहाणा

मी अजून इथेच आहे. सगळे मिळून माझंच म्हणणं सिद्ध करताय. कोंबलं की पांढरं पान, कोंबलं की पॉलिसीची कटकट, कोंबलं की पुनरावृत्ती. वेगळी फाइल ठेवा, नावात हॅश (फाइल बदलली की बदलणारी खूण) टाका, कॅशला म्हणजे ब्राउझरच्या साठवणीला ३,१५,३६,००० सेकंद म्हणजे वर्षभराची मुदत द्या, आणि 'इम्यूटेबल' (कधी न बदलणारी) लिहा. दुसऱ्या भेटीला तारेवरून एक बाइटही जात नाही. इनलाइन केलेलं चित्र मात्र एचटीएमएलबरोबर प्रत्येक पानाला, प्रत्येक भेटीत नव्याने उतरतं. सीएसएसमध्ये असेल तर कुणी एका मार्जिनचा आकडा बदलला की चित्रांसकट अख्खी फाइल पुन्हा. लेझी लोडिंग, म्हणजे दिसायची वेळ आली की मगच मागवणं, होत नाही. खाली कुणी स्क्रोल करो न करो, माल आधीच घरात.

शिवाय, आणि हे फार कमी लोक लक्षात घेतात, सीएसएसमधल्या ज्या नियमाला पानावर जागाच नाही त्याचं चित्र ब्राउझर एरवी मागवतही नाही. चुकीच्या संदेशाचा लाल त्रिकोण, छपाईचं चिन्ह, काळ्या थीमचा दुसरा संच. इनलाइन केलंत की न वापरणाऱ्यानेही भरपाई करायची.

जुनाजाणता

या वेळचा प्रतिसाद एक नंबर. शेवटचा मुद्दा माझ्याही मनात नव्हता.

तरी 'मेलं' हा शब्द मागे घ्या. एचटीटीपी/२ ने रांग मोडली, हेलपाटा मोडला नाही. सीएसएसमधल्या पार्श्वभूमीच्या चित्राचा प्रवास बघा. आधी एचटीएमएल येतं, त्यात सीएसएसचा पत्ता सापडतो, सीएसएस येते, नियम कुठल्या घटकाला लागतो ते ठरतं, आणि मग कुठे ब्राउझरला कळतं की चित्रही हवंय. इमेज टॅग असता तर ब्राउझर एचटीएमएलवर पुढे नजर टाकतानाच तो टिपून ठेवतो. पार्श्वभूमीचं चित्र तसं टिपता येत नाही. जोडणी कितीही रुंद असो, 'काय मागायचं' हेच उशिरा कळलं तर रुंदीचा उपयोग काय? हे न मांडता नुसतं 'एचटीटीपी/२ आहे' म्हणणं अर्धवट.

आणि वर्षभराची कॅश पहिल्यांदा येणाऱ्याला शून्य उपयोगाची. आता तर कॅशचे साइटवार कप्पेही झाले आहेत, क्रोममध्ये २०२० पासून. दुसऱ्या साइटने तीच फाइल आधी आणली असेल ही जुनी आशाही सोडा.

एक ताजं उदाहरण. आमच्या एका फॉर्मवर चौकटीत टिचकी मारली की बरोबरची खूण यायची, पण पहिल्या वेळी पाव सेकंद उशिरा. चौकट निळी व्हायची, आत काही नाही, मग खूण. लोक दोनदा टिचकी मारायचे आणि निवड रद्द व्हायची. कारण हेच, टिचकी मारेपर्यंत त्या चित्राची गरजच नव्हती, म्हणून ते मागवलेलंच नव्हतं. दोनशे-अडीचशे बाइटची एसव्हीजी सीएसएसमध्ये ठेवली, तक्रार बंद. इथे मला सेकंद वाचवायचे नव्हते. बोटाखाली जे घडायला हवं ते बोटाखालीच घडायला हवं होतं.

दीडशहाणा

बरं. 'मेलं' मागे घेतो. 'म्हातारं झालं' चालेल?

निवांत

थोडं अवांतर, पण याच गल्लीतलं. मोठा फोटो यायच्या आधी त्याची धूसर छबी दाखवतात, ती बहुधा इनलाइनच असते. २० पिक्सेल रुंदीची जेपीईजी, ताणून आणि पुसट करून. एका फोटोसाठी छान दिसतं. मी उत्साहाने ६० फोटोंच्या यादीला लावलं, आणि एचटीएमएल उघडून बघतो तर मजकूर शोधावा लागतोय. जिकडे तिकडे 'तिरपी रेघ, नऊ, जे, तिरपी रेघ'. (जेपीईजीचं बेस६४ कायम असंच सुरू होतं. आणि पीएनजीचं 'आय-व्ही-बी-ओ-आर'. ज्यांना हे झोपेत ओळखता येतं त्यांनी सुट्टी घ्यावी.) इतक्या लहान जेपीईजीत प्रत्यक्ष चित्रापेक्षा तिचे ठरावीक तक्तेच जास्त असतात. ब्लरहॅश तेच काम २०-३० अक्षरांत करतो, पण रंगवायला जावास्क्रिप्ट लागते. मी शेवटी पहिल्या चार फोटोंना छबी ठेवली, बाकीच्यांना सरासरी रंगाची नुसती चौकट.

आणि धूसर छबी लवकर दाखवली म्हणून पानावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणाऱ्या वेळेचा, म्हणजे एलसीपीचा, आकडा सुधारेल असं कुणाला वाटत असेल तर विसरा. क्रोम ११२ पासून दर पिक्सेलला ०.०५ बिटपेक्षा कमी माहिती असलेलं चित्र त्यात धरतच नाही. १००० बाय ६०० वर ताणलेली छबी ३७५० बाइटच्या आत असेल तर मोजणीतून बाद.

पानगळ

परत आलो. तीन दिवस यातच होतो.

आधी मोजलं. नेटवर्क पॅनेलमध्ये वेग मुद्दाम मंद केला, कॅश बंद करून एकदा आणि चालू ठेवून एकदा, जुनं बिल्ड आणि नवं बिल्ड शेजारी शेजारी. सर्व्हरवाला म्हणाले तसंच होतं, पांढऱ्या पानाचा सगळा वेळ सीएसएस उतरण्यातला. आत बघितलं तर निम्म्याहून जास्त जागा दोन चित्रांनी खाल्लेली, आणि त्यातलं एक फक्त 'पान सापडलं नाही' या पानावर दिसतं. ते प्रत्येक वापरकर्ता प्रत्येक पानासाठी उतरवत होता. दीडशहाणा, तुमचा लाल त्रिकोण माझ्याकडे मोठा होऊन बसला होता.

मग फाइलचा आकार न बघता चित्रं वाटली. बाण, भिंग, दांडे हे एसव्हीजी टॅग म्हणून थेट पानात. बिल्ला एकदाच सिंबलमध्ये. चौकटीतली खूण आणि पासवर्डचा डोळा सीएसएसमध्ये, साध्या मजकुराच्या रूपात. हॅश चिन्हाने मलाही एकदा पाडलंच, पण रेषाताईंचा प्रतिसाद उघडा असल्यामुळे दोन मिनिटांत उठलो. बाकी सगळं पुन्हा वेगळ्या फायलींत, वर्षभराच्या मुदतीने. जे पडद्याच्या खाली आहे त्याला लेझी लोडिंग.

बिल्ड टूलची मर्यादा शून्य केली. ज्याला इनलाइन करायचं त्या फाइलच्या इम्पोर्टला शेवटी प्रश्नचिन्ह लावून 'इनलाइन' लिहायचं. टीममध्ये यावर कुरकुर झाली की हे हाताने कोण ठरवणार. पण हाताने लिहावं लागलं की माणूस क्षणभर थांबतो, आणि आकड्यावर सोडलं की कुणीच थांबत नाही, हे मी स्वतःच करून दाखवलं होतं.

मजकूर आता पूर्वीइतक्या लवकर दिसतो. एक अडलंय ते लोगोचं. एसव्हीजी, झाडून २१०० बाइट. सगळ्यात वर असतो, म्हणजे लगेच हवा, म्हणजे इनलाइन. पण प्रत्येक पानावर असतो, म्हणजे कॅशमध्ये हवा, म्हणजे वेगळी फाइल. टीममध्ये दोन्ही बाजूंना तीन-तीन जण.

सर्व्हरवाला

लोक एका भेटीत किती पानं बघतात? एखादंच पान वाचून जाणारे जास्त असतील तर इनलाइन. दहा-दहा पानं फिरणारे असतील तर वेगळी फाइल, आणि इमेज टॅगला रुंदी-उंची लिहा म्हणजे लोगो आल्यावर खालचा मजकूर उडी मारणार नाही.

रेषा

काळ्या थीममध्ये लोगोचा रंग बदलतो का? बदलत असेल तर इनलाइन, वाद संपला.

पानगळ

बदलत नाही. आणि पानं सरासरी तीन बघतात. म्हणजे पुन्हा अधेमधेच.

जुनाजाणता

तीन पानं गुणिले २१०० बाइट, आवळून त्याहूनही कमी. एकीकडे इतकं, दुसरीकडे चालू जोडणीवरची एक रिक्वेस्ट. पानगळ, या लोगोवर तुमच्या सहा जणांनी जितका वेळ घातलाय तितका तुमचे सगळे वापरकर्ते मिळून वर्षभरात वाचवणार नाहीत. नाणं उडवा.

खटपट्या

नाणं उडवण्याआधी फेव्हिकॉन, म्हणजे टॅबवरचं चिमुकलं चित्र, बघा. आमच्या एका अंतर्गत डॅशबोर्डला फेव्हिकॉनच नव्हता आणि ब्राउझर तो मागतच राहायचा, लॉगमध्ये ४०४ ची ('सापडलं नाही'ची) माळ. आयकॉनच्या लिंकमध्ये पत्ता म्हणून नुसतं 'डेटा' शब्द, अपूर्णविराम (कोलन) आणि स्वल्पविराम लिहिलं. एकही बाइट नसलेलं चित्र. माळ तुटली.

दीडशहाणा

शून्य बाइटला माझीही हरकत नाही.

पानगळ

नाणं उडवलं. वेगळी फाइल. ज्यांनी इनलाइनच्या बाजूने हात वर केला होता त्यातला एक आता 'तीनपैकी दोनदा' म्हणतोय.